ताबा आणि वास

रामकृष्ण परमहंसांनी आपल्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षे ज्या जागेत काढली, ती जागा त्यांच्या मालकीची नव्हती. राणी रासमणीने गंगाकाठी दक्षिणेश्वर येथे बांधलेल्या कालीमंदिराची प्रतिष्ठा १८५५ साली झाली. त्यानंतर पुजारी या नात्याने ते त्या आवारात राहावयास आले, आणि १८८५ साली घशाच्या दुखण्यावरील उपचारांसाठी कलकत्त्यास जाईपर्यंत तेथेच त्यांचे वास्तव्य राहिले. त्यातील अखेरची वर्षे ज्या वायव्येकडील खोलीत गेली आणि जेथे नरेंद्रादी शिष्य त्यांच्या पायांशी बसले, ती खोली देवस्थानाची होती. चाकरीमुळे मिळालेली जागा, असेच तिचे वर्णन कोणत्याही दफ्तरात झाले असते. दिल्लीच्या नैऋत्येस केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी गेल्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या अखेरीपासून जी विस्तीर्ण वसाहत उभी राहू लागली, तिला याच सत्पुरुषाचे नाव देण्यात आले. रामकृष्णपुरम हे तिचे पूर्ण नाव. लोकांच्या जिभेवर मात्र ती आर. के. पुरम झाली, आणि अनेक रहिवाशांना आपण कोणाच्या नावाखाली नांदतो याचे स्मरणही उरले नाही.

रामकृष्णांचा एक दृष्टान्त सर्वश्रुत आहे. धनिकाच्या घरी कामास असलेली दासी धन्याच्या वाड्याला आपले घर म्हणते, त्याच्या मुलांना आपली म्हणून न्हाऊमाखू घालते; परंतु आपले घर दूरच्या खेड्यात आहे, हे तिचे अंतःकरण क्षणभरही विसरत नाही. संसारात मनुष्याने असेच राहावे, हा त्याचा आशय. ज्या वसाहतीतील प्रत्येक कुटुंब शब्दशः परक्या धन्याच्या घरात राहते, तिच्या संदर्भात हा दृष्टान्त मी जेव्हा आठवतो, तेव्हा एक प्रश्न मला सोडत नाही. अनासक्ती जर अंतःकरणाचा गुण असेल, तर सरकारी नियमाने सक्तीची केलेली अनासक्ती हा गुण होतो काय? आणि ज्या भूमीवर कोणाचीच मालकी नाही, त्या भूमीवर मनुष्याचा खरा वास घडू शकतो काय?

सरकारी क्वार्टरचे शास्त्र बाहेरच्यास रुक्ष वाटेल, परंतु त्यात एक संपूर्ण जीवनदृष्टी सामावलेली आहे. घर पगाराच्या श्रेणीप्रमाणे मिळते. टाइप एक, टाइप दोन अशा पायऱ्यांनी घरांची प्रतवारी लागते. अलॉटमेंटचे पत्र हाती पडले की घरभाडेभत्ता बंद होतो आणि लायसन फी नावाची रक्कम पगारातून वळती होऊ लागते, जिला भाडे म्हणत नाहीत, कारण भाडेकरूस कायद्याने जे संरक्षण लाभते तेही या रहिवाशास लाभू नये अशीच योजना आहे. बढती झाली की वरच्या टाइपचे घर, बदली झाली की दुसरे शहर, निवृत्तीनंतर ठराविक महिन्यांची मुदत, आणि मुदत टळल्यास १९७१ च्या सार्वजनिक जागांविषयीच्या कायद्याखाली निष्कासन. अंगणात लावलेल्या आंब्याला मोहर येण्याआधी लावणाऱ्याची बदली झालेली असते. तरीही माणसे झाडे लावीत, पुढच्या बिऱ्हाडासाठी तुळशीवृंदावन जागेवर ठेवून जात, आणि चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा तशाच राहू देत.

महाराष्ट्रीय मनाला ही जीवनरीत सहजी मानवणारी नव्हे. आपल्या समाजाचा इतिहास हा फार मोठ्या प्रमाणात वतनांचा इतिहास आहे. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी यांसाठी पिढ्यानुपिढ्या तंटे चालले, मजहर झाले, दिव्ये झाली, रक्तही सांडले. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हणून ओळखले आहे, आणि त्यांच्या वतनलोभाचे जे चित्र तेथे आहे ते वाचताना जमिनीच्या तुकड्यावरील ममत्व माणसाला कोठवर नेते याची भीती वाटते. अशा समाजातून निघालेला कारकून संरक्षण मंत्रालयात किंवा रेल्वे बोर्डात रुजू होऊन आर. के. पुरमच्या एखाद्या सेक्टरात येतो तेव्हा त्याच्या शेजारी पालघाटचा, पलीकडे कुंभकोणमचा, वर गढवालचा आणि खाली मिदनापूरचा गृहस्थ असतो. कोणाचेही आजोबा येथे जन्मलेले नसतात, आणि सर्वांचा दर्जा सारखाच, म्हणजे तात्पुरत्या ताबेदाराचा असतो. हक्काचा अभाव सर्वांना समान असल्याने तेथे एक विलक्षण समता उत्पन्न झाली. श्रेणींची उतरंड होती, आणि टाइप एकच्या मुलाला टाइप चारच्या गच्चीवर संकोच वाटे, हे मी नाकारीत नाही. परंतु मूळचा आणि उपरा हा भेद, जो बहुतेक गावांचे मन पोखरतो, तो क्वार्टरांच्या ओळींत नव्हता.

मग या मालकीहीन भूमीवर देव कसे आले? सेक्टर सातमधील टेकडीवरचे मलै मंदिर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. दिल्लीतील तमिळ नोकरवर्गाने स्कंदषष्ठीच्या पूजेपासून आरंभ करून, वर्गणीच्या बळावर, १९६५ साली त्याची पायाभरणी करविली, आणि ७ जून १९७३ रोजी स्वामिनाथाचा, म्हणजे कार्तिकेयाचा, कुंभाभिषेक झाला. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैचे हे उत्तरेतील प्रतिरूप, म्हणून उत्तर स्वामिमलै. तेथील कथा अशी की, कुमार कार्तिकेयाने प्रत्यक्ष पित्याला, म्हणजे शिवाला, प्रणवाचा अर्थ सांगितला आणि पित्याने शिष्यभावाने तो ऐकला. स्वामिनाथाचे मंदिर चोल पद्धतीचे, आणि पुढे उभारलेली सुंदरेश्वर व मीनाक्षी यांची मंदिरे पांड्य पद्धतीची. दगडी गोपुरांखालून उतरणाऱ्या पायऱ्यांवरून चहूकडे सरकारी घरांच्या ओळी दिसतात.

महाराष्ट्रात कार्तिकस्वामी ब्रह्मचारी मानला जातो आणि स्त्रियांनी त्याचे दर्शन घेऊ नये असा संकेत अनेक घरांत आजही पाळतात. तोच देव येथे वल्ली आणि देवसेना यांचा पती आहे. आर. के. पुरममधील मराठी गृहिणी शेजारच्या मामींच्या आग्रहाने ती टेकडी चढल्या, प्रथम पायरीशीच थांबल्या, नंतर गाभाऱ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि नवरात्रात मामींच्या घरचा गोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, पाहून आपल्या घरी त्यांना हळदीकुंकवास बोलावू लागल्या. शास्त्रार्थाच्या सभेने जो संकेत ढळला नसता तो शेजारधर्माने ढळला, आणि यात धर्माची हानी झाली असे मला वाटत नाही. आपले दैवत आपल्या प्रांतापुरते जसे आहे तसेच ते सर्वत्र असले पाहिजे, हा हट्ट वतनदाराचाच हट्ट आहे.

सेक्टर दोनमध्ये अय्यप्पाचे मंदिर आहे, आणि याच वसाहतीत विठ्ठलही आहे. या विठ्ठलापुढे अभंग म्हणणाऱ्यांत तमिळभाषक पुष्कळ असतात, याचे नवल ज्यांना वाटते त्यांनी तंजावरचे स्मरण करावे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास स्थापलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत तेथे टिकले, आणि त्या काळात दक्षिणेच्या भजनसंप्रदायात तुकोबा-नामदेवांचे अभंग असे मुरले की आजही तेथील भजनी मंडळी ते तोंडपाठ म्हणतात. वसाहतीच्या उत्तरेस मोतीबागेच्या गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंहांच्या १७०७ मधील मुक्कामाची स्मृती आहे. तेथून ते पुढे दक्षिणेत उतरले आणि १७०८ साली नांदेडास त्यांचा अंत झाला, म्हणून मराठी माणसास तो गुरुद्वारा गोदावरीच्या वाटेवरील पहिला थांबा वाटल्यास त्यात काही वावगे नाही.

मुक्कामाने स्थान पवित्र होते, ही कल्पना आपल्या भाषेच्या आरंभकाळापासूनची आहे. महानुभावांच्या स्थानपोथीत श्रीचक्रधर जेथे बसले, जेथे निजले, जेथे भोजन झाले, त्या त्या जागांची नोंद दिशा आणि अंतरे देऊन केलेली आहे, आणि तेथे बांधलेल्या ओट्यांना आजही भाविक मस्तक टेकवितात. आणि याच चक्रधरांनी आपल्या अनुयायांना एका जागी स्थिर न होता फिरत राहण्यास सांगितले! ज्याने कोठेही घर केले नाही, त्याच्या प्रत्येक विसाव्याची जागा तीर्थ झाली. स्थानाला पावित्र्य येण्यासाठी कोणाची सनद लागत नाही, याची याहून समर्पक साक्ष मला ठाऊक नाही.

ही गोष्ट केवळ भारतीय मनाची नव्हे. हॉलंडातील ॲम्स्टरडॅम शहराने आग्नेय सीमेवर, आर. के. पुरम विस्तारत होते त्याच सुमारास, बेलमरमेर नावाचे उपनगर वसविले. १९६८ साली पहिली कुटुंबे आली. मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी आकारात मांडलेल्या दहा मजली इमारती, मध्ये हिरवळ, वाहनांचे रस्ते पादचाऱ्यांच्या मार्गांहून निराळे, असा तो भविष्याचा आराखडा होता. ज्या मध्यमवर्गासाठी ते बांधले तो पुरेसा आला नाही. १९७५ साली सुरीनाम स्वतंत्र झाले त्याच्या आगेमागे तेथून आलेली सहस्रावधी माणसे तेथे राहिली, आणि त्यांत बिहार-अवधच्या गिरमिटियांचे वंशजही होते, ज्यांचे पूर्वज १८७३ साली लल्ला रूख जहाजातून प्रथम सुरीनामला उतरले होते. ४ ऑक्टोबर १९९२ च्या संध्याकाळी एक मालवाहू विमान दोन इमारतींवर कोसळले आणि त्रेचाळीस माणसे मृत्युमुखी पडली. अपघातस्थळी उभे राहिलेले एक झाड लोकांनी स्मरणस्थान केले. सर्व काही पाहिलेले झाड, असे त्याला म्हणू लागले, फुले वाहू लागले, आणि पुढे स्मारक बांधताना ते झाड राखावे लागले. पाव शतकाचेही वय नसलेल्या त्या वस्तीत, जेथे कोणाचे पूर्वज पुरलेले नव्हते, शोकाने एका रात्रीत स्थान निर्माण केले. त्यानंतर पुष्कळ उंच इमारती पाडून तेथे लहान घरे बांधण्यात आली. झाड मात्र तेथेच राहिले.

येथवर माझे विवेचन मालकीहीनतेच्या बाजूने गेले. परंतु आर. के. पुरमची भूमी कोणाचीच नव्हती, असे म्हणता येणार नाही. सेक्टर पाचमधील लोदीकालीन घुमट आणि बावडी, सेक्टर तीनमधील बिजरी खानाचा मकबरा, हे सारे सांगतात की सरकारी आराखड्याच्या कित्येक शतके आधी येथे माणसे जगत आणि मरत होती. मुनीरका आणि मोहम्मदपूर या गावांची शेते मुख्यतः १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ताब्यात घेण्यात आली, आणि गावांना उरली ती लाल डोऱ्याच्या, म्हणजे गावठाणाच्या हद्दीच्या, आतली आबादी. मुनीरक्याच्या टोकस जाटांचा बाबा गंगनाथ तेथेच राहिला; ज्या रकब्यावर त्याच्या भक्तांची नांगरट चाले तेथे क्वार्टरे, शाळा आणि दवाखाने आले. राष्ट्राच्या कारभाराला घरे हवी होती, हे खरे. मोबदला दिला गेला, हेही खरे. पण शेतकऱ्याच्या खसऱ्यावरून त्याचे नाव पुसले गेले ही त्याची विरक्ती नव्हती.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली अशी परंपरा आहे. भावाच्या वाट्याची खते त्यांनी भावाला दिली, हा त्या कथेचा अत्यंत महत्त्वाचा आणि दुर्लक्षित अंश आहे. त्याग स्वतःच्या कागदांचाच करता येतो. दुसऱ्याचे कागद नदीत टाकणे हा त्याग नव्हे. दासीच्या दृष्टान्तात जे राहून गेले आहे ते मला येथे दिसते. धन्याचा वाडा ज्या भूमीवर उभा आहे ती भूमी पूर्वी कोणाची होती, हा प्रश्न दासीला विचारावा लागत नाही, कारण तिचे मन आपल्या खेड्यात असते. क्वार्टरातील आम्हांलाही तो पडला नाही. आमची मने रत्नागिरीत, तंजावरात, अल्मोड्यात होती; मुनीरक्याचा दूधवाला रोज दारात येई, आणि त्याचे शेत आमच्या स्वयंपाकघराखाली असल्याचे आमच्या ध्यानी येत नसे. अनासक्तीतून हाही एक अंधपणा उद्भवतो, आणि तो आसक्तीच्या अंधपणाहून कमी घातक नाही.

आता चक्र उलटे फिरले आहे. रिंग रोडपलीकडच्या सरोजिनीनगर, नौरोजीनगर आणि नेताजीनगर या जुन्या वसाहती पाडून तेथे उंच इमारती बांधण्याच्या योजनेला २०१६ साली मंजुरी मिळाली. २०१८ साली झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा नागरिक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोड थांबविण्याचा हुकूम दिला. त्या झाडांवर त्यांच्यापैकी कोणाचाही कायदेशीर हक्क नव्हता, आणि ज्यांनी ती लावली ते कधीच निवृत्त होऊन द्वारकेत नाही तर नोएडात गेले होते. याच काळात मुनीरक्यातल्या, शेत गमावलेल्या कुटुंबांनी उरलेल्या आबादीत मजल्यावर मजले चढविले, आणि आज त्यांचा निर्वाह त्या खोल्यांच्या भाड्यावर चालतो. भाडेकरूंत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत, रुग्णालयांत आणि दुकानांत कामास लागलेली मणिपूरची, नागालँडची, मिझोरमची मुले आहेत. दाक्षिणात्य देवांना टेकडीवर जागा देणाऱ्या या परिसरात त्या मुलांना चेहऱ्यावरून, स्वयंपाकावरून खोली नाकारली जाते, रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला जाब विचारला जातो. क्वार्टरवाल्याला जे आतिथ्य नियमाने मिळाले, ते या मुलांना घरमालकाच्या मनावर सोडलेले आहे. आणि ज्या घरमालकाची स्वतःची जमीन एकदा हुकमाने गेली, त्याच्याच दारात आता दुसऱ्याला राहू द्यावे की न द्यावे हे ठरविण्याचा अधिकार आहे.