मुक्या जनावराचा जाब
(शास्त्रभाग : गणना, अध्याय २२)

बलामाच्या गाढवीनें तीन वेळां मार खाऊन धन्याचा जीव वांचविला. परमेश्वरानें तिचें तोंड उघडिलें, आणि दूतानें त्या माराचा जाब धन्यास विचारिला.

अमेरिकेंतील लुइव्हिल शहरीं ३ मे २००८ रोजीं केंटकी डर्बी ही सव्वा मैलाची शर्यत झाली. वीस घोड्यांत एट बेल्स ही तीन वर्षांची एकटीच घोडी होती. ती दुसरी आली. परंतु रेषा ओलांडल्यावर तिच्या पुढील दोन्ही पायांचे घोटे मोडले. पशुवैद्यास तिला तेथेंच मरण द्यावें लागलें. पैजा माणसांनीं लाविल्या. जीव तिचा गेला. तिचें तोंड उघडलें नाहीं. म्हणून जाब टळला काय?

आपल्याकडेहि जत्रेंत बैल पळतात. अशा शर्यतींस मोकळीक देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें १८ मे २०२३ रोजीं वैध ठरविला. तरी मनुष्याच्या न्यायालयानें मोकळीक दिली, एवढ्यानें देवापुढील हिशेब चुकत नाहीं. जनावर परमेश्वराचें आहे. आपण त्याचे कारभारी आहों. यास्तव पराणी उचलण्यापूर्वीं प्रत्येकानें दूताचा तो प्रश्न आपल्या मनास विचारावा : ह्याला कां मारतोस?