मॉड्यूलला मारलं कुणी?

ऐन पावसाळ्यात चिपळूणची एक मोठी गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात आली. बटण दाबलं तरी डिकी उघडेना. गेल्या पावसाळ्यात दुसरीकडे डिकीचं कंट्रोल मॉड्यूल बदललं होतं, तेही गेलं. मालकांनी नवा नग सोबतच आणला होता. "एवढं बसवून द्या, संध्याकाळी घाट उतरायचाय."

शिकाऊ पोरानं डिकी हातानं उघडली, बॅटरीची निगेटिव्ह सोडवली, मागचं डावं पॅनेल उतरवलं. मॉड्यूलच्या पिनांवर हिरवा थर चढलेला. "मामा, मेलंय हे. नवीन लावू?"

"मेलंय ते दिसतंय. मारलं कुणी?"

मिस्त्रींनी खालचं कार्पेट दाबलं. बोटं ओली झाली. त्यांनी पोराला टॉर्च देऊन आत बसवलं, डिकी हातानं लावली आणि बाहेरून पाइपनं पाणी सोडलं, तेही खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरून सोडलं की पाणी सगळीकडून ओघळतं आणि वाट कुठली ते कळत नाही. पाइप डाव्या दिव्यापाशी पोचला तसा पोरगा आतून ओरडला. दिव्यामागचं रबर कडक होऊन भेगाळलं होतं. तिथून शिरलेला थेंब वायरच्या अंगानं उतरत थेट कनेक्टरवर जात होता.

मालक घड्याळाकडे बघत म्हणाले, "नवीन आहे ना आता? चालेल की."

"साहेब, आज चालेल. पण पाणी तसंच ठेवलं तर हेही मरणार. आधी कारण काढू, मग नग बदलू."

रबर बदललं. वायरकडच्या पिनाही सडल्या होत्या, त्या नव्या घातल्या. वायरला कनेक्टरच्या खालपर्यंत झोल दिला, म्हणजे चुकून थेंब आलाच तर तिथं खाली टपकेल. कार्पेट उचलून वाळवलं. पुन्हा पाणी मारलं, आत कोरडं राहिलं, तेव्हाच नव्या मॉड्यूलचं खोकं उघडलं.

स्कॅनर लावून कोडिंग केलं. पण नव्या मॉड्यूलला डिकी कुठे सुरू होते नि कुठे थांबते ते ठाऊक नसतं. मोटारीतल्या सेन्सरचे ठोके मोजून ते शिकतं, म्हणून डिकी एकदा पूर्ण लावून पूर्ण उघडावी लागली. मग बंद होणाऱ्या डिकीखाली पोरानं पुठ्ठ्याची गुंडाळी धरली. डिकी टेकताच मागे फिरली. ही चाचणी कितीही घाई असली तरी टाळू नये, उद्या तिथं एखाद्या लेकराचा हात असू शकतो.

मालकांनी पैसे काढले, पण दिले नाहीत. गाडीला वळसा घालून ते दुसऱ्या बाजूला गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, हा उजवा दिवाही खोलून बघा. रात्र झाली तर इथंच मुक्काम करतो."

तिकडचं रबरही कडक झालं होतं.