न हसणारं यंत्र

ड्युओलिंगोचं हिरवं घुबड तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असेल. कुणी जर्मनसाठी घेतलं असेल, कुणी डच किंवा स्वीडिशसाठी. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. सलग किती दिवस अभ्यास केला याची मोजदाद, गुणांचं आमिष, एक दिवस चुकला की लागलेला तगादा, हे सगळं शिकवण्यासाठी किती आणि फोनला चिकटवून ठेवण्यासाठी किती, अशी शंका येतेच. पण त्याचा एक मोठा गुण आहे. ते हसत नाही. एकच चूक चाळीस वेळा करा, एकेचाळिसाव्या वेळीही ते तोच प्रश्न तितक्याच शांतपणे विचारतं. मराठी माध्यमाच्या वर्गात उभं राहून ज्यानं इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचला आहे, त्याला या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

भाषा शिकवण्याच्या नव्या पद्धतींबद्दल बोलताना आपण बहुधा एवढंच विचारतो, की याने भाषा लवकर येते का? त्याआधीचा एक प्रश्न नैतिक आहे. परकी भाषा शिकणाऱ्या माणसाला आपण नेमकं काय देणं लागतो?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. आपल्या आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोटल्या. वाक्य इकडून तिकडे आणि तिकडून इकडे न्यायचं, की झाला अभ्यास. त्यातून इंग्रजी वाचता येऊ लागे, पण तोंड उघडत नसे. पहिलीतल्या मुलांपुढे ही पद्धत चालणं शक्य नव्हतं. गाणी, खेळ, चित्रं, गोष्टी हव्या होत्या. अडचण अशी, की अनेक ठिकाणी बाईंनाच इंग्रजी बोलायची धास्ती. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं 'वी लर्न इंग्लिश' हा ध्वनिकार्यक्रम तयार केला तो अशाच वर्गांसाठी. आवाज इंग्रजीत बोलणार, मराठीचा आधार देणार, मुलांनी उत्तरं द्यायची आणि बाईंनीही सोबत शिकायचं. मोबाइल येण्याआधीचं हे तंत्रज्ञान. तेही हसत नव्हतं.

मग सुगाता मित्रा यांचा प्रयोग गाजला. 1999 मध्ये दिल्लीतल्या कालकाजीत त्यांनी भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतल्या मुलांना तो हवा तसा वापरू दिला. शिक्षकाशिवायही मुलं पुष्कळ शिकतात, हे त्यांचं म्हणणं जगभर पोचलं आणि त्यावर टीकाही बरीच झाली. पण पुढची पायरी मला अधिक बोलकी वाटते. 2009 पासून त्यांनी ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांना, त्यात निवृत्त शिक्षिका बऱ्याच होत्या, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी जोडून दिलं. या उपक्रमाचं नाव पडलं 'ग्रॅनी क्लाउड'. आजीनं शिकवायचं नव्हतंच. गोष्ट वाचायची, गप्पा मारायच्या, 'अरे वा, हे कसं केलंस?' असं विचारायचं. शिक्षकाला बाजूला ठेवून जगभर गाजलेल्या प्रयोगाला शेवटी एक माणूस परत आणावा लागला. फक्त ऐकणारा, कौतुक करणारा.

2013 च्या टेड पारितोषिकानंतर मित्रांनी सात प्रयोगशाळा उभारल्या. भारतात 5, इंग्लंडमध्ये 2. महाराष्ट्रातली प्रयोगशाळा फलटणला, कमला निंबकर बालभवन या मराठी माध्यमाच्या शाळेत झाली. ही शाळा 1986 मध्ये सुरू करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन, म्हणजे सगळ्यांच्या मॅक्सीनमावशी, अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ. 1978 मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं. त्यांचा पीएच.डी.चा विषय होता फलटणच्या लोकांची बोलण्याची मराठी. एकाच गावात मराठी किती तऱ्हांनी बोलली जाते, हे त्यांनी अभ्यासलं होतं.

हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. कारण इंग्रजीच्या तासाला गप्प बसणारी सगळी मुलं इंग्रजीमुळे गप्प झालेली नसतात. 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून ज्या मुलाला वर्ग मराठीच्या तासाला हसला, ते मूल इंग्रजीच्या तासाला तोंड उघडेल कशाला? तोंड उघडलं की हसू होतं, हा धडा त्यानं स्वतःच्या भाषेतच गिरवलेला असतो. त्याच्या हातात टॅबलेट दिला तर भीती थोडा वेळ बाहेर राहील, आणि तेवढाही दिलासा कमी नाही. पण टॅबलेट मिटल्यावर समोर पुन्हा तोच वर्ग असतो.

यंत्राची मर्यादा इथे आहे. हसू न शकणाऱ्यानं न हसण्यात काही विशेष नाही. माणूस हसू शकत असतो, घाईत असतो, त्याला पुढचं वाक्य आधीच कळलेलं असतं, आणि तरी तो थांबतो. शिकणाऱ्याला हवं असतं ते हे थांबणं.

आखनला हे वेगळ्या रूपात दिसतं. शहराच्या बसनं डच हद्दीतल्या फाल्सला जाता येतं, बेल्जियमही जवळच. अर्ध्यामुर्ध्या भाषेत निभावून नेणारी माणसं इथे नवी नाहीत. तुम्ही बेकरीत जर्मन वाक्य जुळवू लागता, डेअर की दास यावर अडखळता, आणि पलीकडून अस्खलित इंग्रजी येतं. त्यात तुच्छता नसते, सौजन्यच असतं. मागे रांग असते, त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही. तरी तुमचं वाक्य अर्धं राहतं. हसण्यानं जे होतं तेच कधीकधी मदतीनंही होतं.

मग चुका दुरुस्तच करायच्या नाहीत का? करायच्याच. चूक दाखवणं म्हणजे अपमान नव्हे. मूल काय म्हणतंय ते ऐकून घ्यावं, त्याला उत्तर द्यावं, आणि त्या उत्तरातच बरोबर रूप वापरावं. आधी माणूस, मग व्याकरण.

आता हे घरी आणून पाहा. तुमच्यापैकी काही जण शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या मुलांना इंग्रजी शिकवत असतील. तिथे आपण फार समजूतदार असतो. त्याच दुपारी आपली मुलगी 'तो पुस्तक दे' म्हणते आणि आपण हसतो, प्रेमानंच. तिचं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर आजोळी पोचतं आणि तिकडेही हसू उसळतं. किंवा आपल्याला घाई असते, म्हणून आपणच जर्मनवर किंवा इंग्रजीवर येतो. काही वर्षांनी ती मराठीत बोलेनाशी होते आणि आपण मराठी शिकवणारं चांगलं ॲप शोधू लागतो.

ॲप जरूर घ्या. शब्द पाठ होतील, उच्चार कानावर पडतील, कदाचित गोडीही लागेल. पण तिचं ते वाक्य तिला पुरं करू द्या. मग पुस्तक तिच्या हातात ठेवून म्हणा, 'हे घे ते पुस्तक.'