खर्ड्यात बोललं कोण?

जामखेड तालुक्यातलं खर्डा म्हटलं की शाळेत पाठ केलेली १७९५ ची लढाई आठवते. मराठ्यांनी निजामाला हरवलं ती. माझ्या मनात मात्र या गावाची तारीख दुसरीच कोरली गेली आहे. २८ एप्रिल २०१४. त्या दिवशी नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित मुलगा मारला गेला. देह झाडाला लटकलेला सापडला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढ्याच रागातून त्याला मारलं असा आरोप होता.

नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला. बरेच साक्षीदार फितूर झाले होते, सगळे आरोपी निर्दोष सुटले. पोरगं बोलण्यापायी जिवाला मुकलं, आणि पाहिलेलं सांगायची वेळ आली तेव्हा मोठ्या माणसांची वाचा बसली.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वाद आपण सिनेमा आणि भाषणांवर घालतो, खर्ड्यातल्या अशा बोलण्यावर आणि गप्प बसण्यावर नाही. 'भावना दुखावल्या' असं ओरडणाऱ्याच्या मागे बहुतेक वेळा जमाव असतो. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली. एकीने तर ती पोस्ट नुसती लाइक केली होती. तेव्हा लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. उलट जून २०१४ मध्ये, खर्ड्यानंतर पाचच आठवड्यांनी, फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात वातावरण तापलं आणि हडपसरला मोहसीन शेख हा मुस्लिम तरुण मारला गेला. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. म्हणून कुणाच्या मनाला लागलं यापेक्षा, शब्दामुळे कुणाला घराबाहेर पडायची धास्ती बसली, हे मी आधी पाहतो. टीका कितीही झोंबू दे, ती छापली पाहिजे. माणसाला जातीवरून, धर्मावरून शिकार ठरवणारा शब्द छापता कामा नये.

आम्हा पत्रकारांचंही चुकतं. 'प्रेमप्रकरणातून खून' असा मथळा दिला की जात अलगद गळून पडते. १९२० साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नव्हती. न छापणं हीसुद्धा बाजू घेणंच असतं.

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उद्या एखाद्या जातीला शिवी घालणारा मेसेज येईल. ग्रुप सोडून जाऊ नका. तिथेच, सगळ्यांसमोर, आपल्या नावानिशी लिहा: हे चूक आहे.