बोळ की घेटो?

केन्जी नाकागामी वाचला. इंग्रजीतून, जपानी आपल्याला कुठली? हा बुराकू वस्तीतला. मेलेलं जनावर, कातडं यांच्या कामावरून विटाळाची ठरवलेली माणसं. 1871 च्या फर्मानानं कागदावर मुक्त झाली, विटाळ राहिला. 1976 ला त्याला अकुतागावा पारितोषिक मिळालं. कथांत तो आपल्या वस्तीला 'बोळ' म्हणतो. 1992 ला तो वारला. 1999 च्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात मात्र 'जपानी घेटो' आलं.

आधी वाटलं, बरं झालं. नायतर परक्या वाचकाला काय कळणार? मग भाड्यानं खोली बघायला गेलो तो दिवस आठवला. मालकानं आडनाव विचारलं, वर विचारलं, "म्हंजे कोण?" सभेत छाती काढून सांगणारा मी, तिथं गप्प बसलो. ते खोटं बोलणं होतं का?

मी म्हणतो, नाही. सभेत बोलतो तेव्हा नाव माझ्या हातातलं हत्यार असतं. मालकाच्या दारात ते त्याच्या हातात होतं. 'दलित' हा शब्द आपण स्वतः उचलला, म्हणूनच त्याला धार आली. नाकागामीनं 'बोळ' उचलला. कव्हरवरचं नाव त्याला विचारायला तो राहिला नव्हता.

तेव्हा जात लपवणाऱ्या आपल्या भावाला जाब विचारण्याआधी, ती विचारणाऱ्याला विचारा.