झाकणाखालचा कारभार

घड्याळ दुरुस्त करणारा माणूस डोळ्याला भिंग लावतो, त्या क्षणी तो आणि आपण दोन निराळ्या जगांत जातो. त्याला दिसते ते आपल्याला दिसत नाही. 'तेल सुकले आहे' म्हणाला तर आपण मान डोलावतो. 'आतले सगळे बदलावे लागेल' म्हणाला तरी डोलावतो. मग त्याने खरे का बोलावे?

वास्तविक बंद पडलेल्या घड्याळाला पुष्कळदा फारसे काही झालेले नसते. सेलवर चालणारे असेल, तर बहुधा सेलच संपलेला असतो. किल्लीचे असेल, तर हलक्या हाताने किल्ली देऊन पाहावी. कितीही फिरवली तरी ती घट्ट होत नसेल, तर कमान तुटली असण्याचा संभव. आधीच घट्ट असून काटे हलत नसतील, तर दोष पुढे शोधावा : एकमेकांत अडकलेले काटे, घट्ट झालेले तेल, नाहीतर धुळीचा एखादा कण. जुन्या धाटणीचे किल्लीचे घड्याळ तासाला १८,००० वेळा टिकटिक करते. म्हणजे दिवसाला ४,३२,००० वेळा. एवढे राबणारे यंत्र एका कणापुढे हात टेकते, यात नवल ते काय?

माझे एचएमटीचे घड्याळ असेच थांबले. ही घड्याळे १९६१ साली बंगळूरला तयार होऊ लागली आणि २०१६ साली सरकारने ती कंपनी बंद करण्याचे ठरवले. एका झगमगीत दुकानात मला सांगण्यात आले, "मशीनच बदला." बसस्थानकाजवळच्या टपरीतल्या म्हाताऱ्या कारागिराने मात्र झाकण उघडले, पाहिले आणि भिंग माझ्या हाती दिले. "गुरुजी, तुम्हीच बघा. मोडलेले काही नाही. साफ करून तेल घालतो."

मी पाहिले. चकाकणारी चाके दिसली. कळले काहीच नाही. म्हणजे भिंग हाती येऊनही विश्वास ठेवायचा तो ठेवावाच लागला!

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक परत यावे म्हणून तो खरे बोलला. पण बसस्थानकावरची गिऱ्हाइके कुठली परत येतात? कोणी पापपुण्याचे नाव घेईल. मला त्याचे उत्तर झाकणाच्या आतल्या बाजूस दिसले. तेथे सुईने कोरलेले दोन-तीन बारीक ओरखडे होते. घड्याळ उघडणारे कित्येक कारागीर तेथे आपली खूण नि तारीख कोरून ठेवतात. ती गिऱ्हाइकासाठी नसते. पुढे कधीतरी झाकण उघडणाऱ्या दुसऱ्या कारागिरासाठी असते.

वैद्य, शिक्षक, गवंडी, स्वयंपाकीण यांचेही बरेचसे काम असेच झाकणाखाली चालते. ज्याच्यासाठी करायचे त्याला ते पारखता येत नाही. अशा वेळी माणसाला सरळ ठेवते ती कायद्याची भीती थोडी, आणि जाणत्या माणसाची लाज अधिक. तो जाणता अजून जन्मायचा असला तरी चालते.

म्हाताऱ्याने काम आटोपले, सुई उचलली, जुन्या ओरखड्यांशेजारी आपला एक ओढला आणि मग झाकण लावले.