अपराधी चेहरा

संध्याकाळी माणसे घरी परततात तेव्हा उशीचा कापूस खोलीभर पसरलेला असतो. कुत्रा टेबलाखाली बसलेला, कान मागे, शेपूट पायांत, नजर दुसरीकडे. कोणीतरी म्हणते, ‘बघा, चूक केली ते कळतंय त्याला.’ कुत्रा पाळणाऱ्या घरांत हे वाक्य केव्हा ना केव्हा उच्चारले जातेच. पाठोपाठ ओरडा येतो, कधी फटकाही.

या चेहऱ्याचा अर्थ अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने तपासून पाहिला. तिचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १४ पाळीव कुत्रे होते. मालक खाऊ न खाण्याची ताकीद देऊन खोलीबाहेर जाई. परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला सांगितले जाई, पण कधी खरे, कधी खोटे. अपराधी चेहऱ्याचा संबंध कुत्र्याच्या वागण्याशी लागला नाही. तो लागला मालकाच्या रागावण्याशी. इतकेच नव्हे, ज्यांनी काहीच खाल्ले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्यात रागावण्याचा हा परिणाम अधिक ठळक दिसला.

कुत्र्याला पश्चात्ताप होतच नाही, असे यातून सिद्ध होत नाही. त्याच्या मनात आपल्याला शिरता येत नाही. पण आपण ज्याला कबुली म्हणतो तो पुरावा टिकत नाही, एवढे नक्की. कान मागे जाणे, अंग चोरणे, जीभ ओठांवरून फिरवणे, डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागणे ही भ्यालेल्या प्राण्याची भाषा आहे.

उशी फाडण्यामागेही अनेकदा भीतीच असते. काही कुत्र्यांना एकटे राहणे सोसत नाही. माणसे बाहेर पडली की थोड्याच वेळात ते दार ओरबाडतात, रडतात, हाती लागेल ते चावतात. काही तासांनी मिळालेल्या शिक्षेचा संबंध त्यांना उशीशी जोडता येत नाही. तो जुळतो दारातून आत आलेल्या माणसाशी. म्हणजे त्याच्या जाण्याची भीती आधीच होती, आता येण्याचीही झाली. आणि दाराची कडी तर आपल्याच हातात असते.

मग भीतीला अपराध म्हणणे आपल्याला इतके सोयीचे का वाटते? समोरचा अपराधी असला की आपण न्यायाधीश होतो. समोरचा भ्यालेला असला, तर तो कोणाला भ्याला हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा आपणच असतो. हे कुत्र्यापुरते थांबत नाही. फळ्यापुढे अडखळणारे मूल, चौकशीत घाम फुटलेला माणूस, मालकिणीपुढे खाली बघणारी मोलकरीण यांच्या चेहऱ्यांवरही आपण गुन्हा वाचतो. ज्याच्या हातात सत्ता, त्याला दुसऱ्याची भीती नीट वाचता येत नाही. कारण ती वाचली की स्वतःकडे पाहावे लागते.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराला स्वर्गात न्यायला इंद्र रथ घेऊन येतो आणि सोबत चालत आलेल्या कुत्र्याला सोडून दे म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. प्राण गेला तरी ज्यांना टाकणार नाही असे तो सांगतो, त्या यादीत पहिला आहे भ्यालेला. भक्त, दीन, दुर्बळ हे त्यानंतर येतात. तो का भ्याला, त्याची भीती रास्त आहे का, याची तो चौकशी करत नाही. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे नंतर उघड होते. नकार देताना युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते.

आपल्या परंपरेने अभयदानाला मोठे दान मानले. कुत्र्याला मात्र ‘घाबरू नकोस, मी सहाला परत येईन’ हे समजावून देता येत नाही. त्याला अभय द्यायचे ते फक्त वागण्यातून: अंगावर न जाता बाजूला बसावे, आवाज खाली ठेवावा, तो स्वतःहून जवळ येईपर्यंत थांबावे. एकटे राहायची सवय मिनिटामिनिटाने वाढवावी, गरज पडल्यास पशुवैद्याची मदत घ्यावी. त्या संध्याकाळी कापूस उचलायला उशीर झाला तरी चालेल.